हिशेब, सहल आणि लहानसे आश्चर्य

आपल्याकडील नियतकालिकांतून एक लेखनप्रकार वर्षानुवर्षे येत आला आहे. महिनाअखेरची ओढाताण, जोडून आलेल्या सुट्टीतील सहल आणि ध्यानीमनी नसता पदरात पडलेला एखादा लहानसा आनंद, एवढ्याच सामग्रीवर तो उभा असतो. दोन-अडीच पानांचा विस्तार, बेताची भाषा, घरातलीच पात्रे. वाचक तो सर्वांत आधी वाचतात, संपादक जागा उरली तर घेतात, आणि समीक्षक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ‘हलकेफुलके’ असे एक विशेषण त्याच्या कपाळी चिकटवले की सर्वांचेच काम संपते. आम्हांला हा न्याय मान्य नाही. ज्या घरात कथा-कादंबरी लिहिणारे कोणी नसते, त्या घरातही असा एखादा लेख लिहिणारे माणूस सापडते. म्हणजे सामान्य कुटुंबांचे स्वतःविषयीचे बरेचसे लेखन याच प्रकारात होत असते. म्हणूनच त्याची परीक्षा कौतुकाने पाठ थोपटून उरकू नये. ती नेटाने करावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : पैशाची विवंचना, सुट्टीतील प्रवास आणि लहानसे आश्चर्य हे वरवर तीन विषय दिसतात, वस्तुतः ती एकाच धाग्याची तीन टोके आहेत. एक टोक हातातून सोडले की उरलेली दोन्ही सैल पडतात. आपल्या बहुसंख्य लेखांत जे टोक सुटते ते पहिले, म्हणजे पैशाचे. सहलीचे वर्णन असते, आश्चर्याचे कौतुक असते. परंतु त्या दिवशी घरात किती पैसे होते आणि त्यांतले किती गेले, हे लेखक सांगत नाही. कधी संकोचाने, कधी सवयीने, तर कधी साहित्यात रुपया-आण्याचा उल्लेख शोभत नाही अशा गैरसमजुतीने.

हा गैरसमज कसा निराधार आहे, हे पाहावयाचे तर या प्रकाराच्या मुळाशीच जावे लागते. इंग्रजी निबंधकार चार्ल्स लॅम (१७७५–१८३४) हा लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीतील हिशेबनीस होता. १७९२ पासून १८२५ पर्यंत, सुमारे तेहतीस वर्षे, त्याने कंपनीच्या मालाची नोंद केली. दिवसभर दुसऱ्यांच्या हजारो पौंडांची बेरीज करावी आणि रात्री स्वतःच्या घरातील शिलिंगांची चिंता वाहावी, असा त्याचा जीवनक्रम. ‘एलिया’ या टोपणनावाने त्याने जे निबंध लिहिले, त्यांत १८२३ साली प्रसिद्ध झालेला जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवरील निबंध आमच्या मते या संपूर्ण प्रकाराचा आदर्श आहे.

त्या निबंधात घडते ते एवढेच. एलिया आणि त्याची चुलतबहीण ब्रिजेट नव्याने विकत घेतलेल्या निळ्या नक्षीच्या पेल्यांतून चहा घेत बसली आहेत. परिस्थिती सुधारली आहे, आता अशी खरेदी अधूनमधून परवडते, असे तो म्हणतो. ब्रिजेटच्या कपाळावर आठी उमटते. आपण इतके सुखवस्तू नव्हतो तेच दिवस बरे होते, असे ती म्हणते, आणि एकेक आठवण काढू लागते. एका जुन्या नाटकसंग्रहाचा जाडजूड ग्रंथ घ्यावा की न घ्यावा याचा विचार कितीतरी आठवडे चालला होता. निर्णय झाला तो शनिवारी रात्री दहाच्या सुमारास. इस्लिंग्टनहून निघून तो कॉव्हेंट गार्डनपर्यंत गेला. पुस्तकविक्रेत्याने कुरकुरत दुकान उघडले, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात ग्रंथ शोधून दिला. घरी आल्यावर सुटी पाने चिकटवण्यासाठी सकाळपर्यंत थांबण्याचाही धीर त्याला नव्हता. त्या ग्रंथापायी त्याने झिजलेला पोशाख आणखी चार-पाच आठवडे वापरला.

आणि किंमत? ब्रिजेट ती सांगते, आणि सांगताना एका शिलिंगाविषयी तिचा गोंधळ होतो. नेमका आकडा पंधरा की सोळा, हे तिला आठवत नाही. आम्हांला हा गोंधळ फार मोलाचा वाटतो. ज्या आकड्याने एके काळी झोप उडवली होती, तो आता एका शिलिंगाच्या फरकाने धूसर झाला आहे. दिवस पालटले ही गोष्ट लेखकाने कोणत्याही विशेषणाविना, केवळ एका आकड्याच्या चाचपणीतून सांगितली आहे. आकडा गाळला असता तर हा परिणाम साधला नसता.

त्याच निबंधात सहलही आहे. सुट्टीच्या दिवशी दोघे एन्फिल्ड, पॉटर्स बार, वॉल्थॅम अशा लंडनबाहेरच्या गावांकडे पायी जात. हातातल्या टोपलीत घरूनच नेलेले थंड मांस आणि कोशिंबीर असे. दुपारी एखादी बरीशी खानावळ शोधावयाची, जेथे केवळ पेयाचे पैसे देऊन आपली शिदोरी सोडता येईल. आणि मालकीणबाई पानाखाली स्वच्छ कापड घालू देईल की नाही याचा तिच्या मुद्रेवरून अंदाज घ्यावयाचा. आता ती दोघे वाटेत गाडी करतात, चांगल्या खानावळीत उत्तम जेवण मागवतात, खर्चाची चर्चा करीत नाहीत. आणि त्या जेवणाला जुनी चव येत नाही. वर्षअखेरीच्या रात्री हिशेब लावताना एवढा पैसा गेला कोठे या कोड्यात दोघे पडत, पुढील वर्षी काटकसर करण्याचा निश्चय करीत आणि अखेरीस हसत. हिशेब, सहल आणि आश्चर्य ही तिन्ही टोके येथे एका गाठीत बांधलेली आहेत.

येथपर्यंतचा भाग आपल्या लेखकांनी उत्तम उचलला आहे. ‘तेव्हा पैसा नव्हता, पण सुख होते’ हा सूर आपल्याकडे इतका घोटला गेला आहे की लेखाचे पहिले वाक्य वाचताच शेवटचे कळते. तथापि लॅमचा निबंध ब्रिजेटच्या भाषणावर संपत नाही. एलिया तिला उत्तर देतो, आणि त्या उत्तराकडे अनुकरण करणाऱ्यांनी दुर्लक्ष केले. तो म्हणतो ते असे : तेव्हा आपण गरीब होतो खरे, परंतु तरुणही होतो. चालण्याचा आनंद पायांतल्या बळाचा होता. त्या झगड्याने आपल्याला एकमेकांच्या जवळ आणले, याबद्दल कृतज्ञ असावे; पण वय झाल्यावर जी थोडी सुबत्ता मिळते ती उणावलेल्या तारुण्याची भरपाई आहे, अपुरी का होईना. पूर्वी जेथे चालत गेलो तेथे आता गाडीतून जाणे भाग आहे.

म्हणजे हा निबंध गरिबीचे स्तोत्र नव्हे. तो एक संवाद आहे. एकीकडे बहिणीची आठवण, दुसरीकडे भावाचा विवेक, दोघांचेही खरे. आपल्या लेखांत ब्रिजेट असते, एलिया नसतो. सुखवस्तू झालेला लेखक आपल्या बालपणीच्या टंचाईचे गोडवे गातो. त्या टंचाईत आजारी पडलेल्या आजीला औषध मिळाले होते का, थोरल्या बहिणीची शाळा का सुटली, हे प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. टंचाईचे सुख हे बहुधा टंचाईतून बाहेर पडलेल्याचे सुख असते. जो अजून तिच्यात आहे, त्याच्या हाती असा लेख पडला तर त्याला काय वाटेल, याचा विचार लेखकाने करावा. लेखाच्या प्रामाणिकपणाची ही पहिली कसोटी.

लॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ब्रिजेट ही निबंधातील चुलतबहीण. प्रत्यक्षात ती त्याची सख्खी बहीण मेरी. १७९६ साली वेडाच्या झटक्यात मेरीच्या हातून आईचा मृत्यू झाला. त्यानंतर लॅमने तिची जबाबदारी आयुष्यभर स्वीकारली, लग्न केले नाही. तिचे आजारपण पुनःपुन्हा उलटे तेव्हा तिच्या देखभालीचा खर्च सोसला. यातले एक अक्षरही त्या निबंधात नाही. परंतु हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या टोपलीतले साधे जेवण निराळे दिसते. सगळेच सांगावे असा आमचा आग्रह नाही. न सांगितलेल्या दुःखाचे वजन सांगितलेल्या तपशिलावर पडले पाहिजे, एवढेच. आणि त्यासाठी तपशील खरा असावा लागतो.

सुट्टीविषयीही लॅमचे म्हणणे लक्षणीय आहे. १८२५ साली नोकरीतून मुक्त झाल्यावर त्याने निवृत्त माणसावर जो निबंध लिहिला, त्यात वर्षाकाठी मिळणाऱ्या एका आठवड्याच्या रजेचे वर्णन आहे. हर्टफर्डशरच्या शेतांत जाऊन मोकळी हवा खावी, यासाठी तो वर्षभर वाट पाही. प्रत्यक्षात ते सात दिवस त्यांचा पुरेपूर उपयोग कसा करावा या तगमगीतच सरत. पुढे पगाराच्या दोन-तृतीयांश निवृत्तिवेतन मिळून सगळेच दिवस सुट्टीचे झाले, तेव्हा वारांची वेगळाली चव नाहीशी झाली. रविवार आणि बुधवार सारखेच. सहलीच्या लेखांत हा थकवा, ही तगमग फारशी येत नाही. समुद्र निळा असतो, डोंगर हिरवा असतो, मुले आनंदात असतात. रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत वडिलांच्या मनात सोमवार आधीच सुरू झालेला असतो, हे लिहिणारा विरळा.

मराठीत हा प्रकार ‘लघुनिबंध’ म्हणून रुजला तो मुख्यतः १९३० नंतरच्या दशकात. ना. सी. फडके यांच्या ‘गुजगोष्टी’ (१९३३), अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ (१९३४), वि. स. खांडेकरांच्या ‘वायुलहरी’ (१९३६) ही त्या काळची ठळक नावे. त्यांच्यासमोर लॅमपेक्षाही गार्डिनर, लूकस यांच्यासारखे नंतरचे इंग्रजी निबंधकार अधिक होते. क्षुल्लक वस्तू घ्यावी, तिच्याशी खेळावे आणि हळूच एखाद्या विचाराकडे वळावे, ही घडण या पिढीने मराठीला दिली. भाषा मोकळी केली, वाचकाशी गप्पा मारण्याची लकब दिली. हे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्या घडणीतून एक साचा तयार झाला. प्रसंग निमित्तापुरता आणि विचार आधीच ठरलेला. निमित्त म्हणून आलेला पैसा कधी टोचत नाही, कारण लेखकाला त्याच्याजवळ फार वेळ थांबावयाचे नसते. आजही आपल्याकडचे लेख शेवटच्या परिच्छेदात बोधाकडे धाव घेतात, त्याचे मूळ या साच्यात आहे.

गंमत अशी की, ज्या काळात हा साचा घडत होता त्याच काळात एका ख्रिस्ती गृहिणीने, साच्याची कसलीही तमा न बाळगता, या तिन्ही विषयांवर मराठीतील अस्सल लेखन केले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. ते आत्मचरित्र आहे, निबंधसंग्रह नव्हे. परंतु त्यातील कितीतरी प्रसंग सुटे काढले तर आम्ही ज्या लेखाविषयी बोलत आहोत त्याचे नमुने ठरतील. नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. जे येई ते मागणाऱ्याच्या ओंजळीत जाई. मनात आले की ते घरातून निघून जात; बिऱ्हाड गावोगाव फिरे. या सर्वांचा ताळमेळ घालण्याचे काम बाईंकडे. त्या तक्रार करतात, भांडतात, रडतात; आणि पुढच्याच ओळीत स्वतःलाही हसतात. नवऱ्याचे औदार्य त्यांना पटते, पण त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघराने कशी मोजली, हे सांगावयास त्या विसरत नाहीत. ब्रिजेट आणि एलिया यांचा संवाद येथे एकाच बाईच्या मनात चाललेला दिसतो.

येथे आमचा दुसरा मुद्दा येतो. लॅमच्या निबंधात लेखणी भावाच्या हाती आहे, परंतु आठवणींचा मोठा भाग बहिणीच्या तोंडी आहे. किंमत तिला आठवते, टोपलीत काय होते हे तिला आठवते. ‘स्मृतिचित्रे’ जिवंत आहेत, कारण हिशेब ठेवणारीनेच ते पुस्तक लिहिले. याउलट आपल्याकडे सहलीचा लेख बहुधा पुरुष लिहितो आणि त्यात बायको ‘डबा घेऊन आली’ एवढ्या वाक्यापुरती येते. तो डबा पहाटे किती वाजता भरला गेला, तेल त्या महिन्यात पुरले का, परत आल्यावर भांडी कोणी घासली, ही माहिती जिच्यापाशी आहे तिच्या हाती लेखणी नसते. लेख पोकळ वाटतो याचे कारण पुष्कळदा शैलीत नसून येथे असते.

प्रवासाच्या बाबतीत पु. ल. देशपांडे यांनी केलेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील ‘भ्रमणमंडळ’ या प्रकरणाचा विनोद स्थळदर्शनात नाही. चाळकऱ्यांच्या खटाटोपात आहे. ज्यांच्या आयुष्यात प्रवास हा प्रसंग असतो, सवय नसते, त्यांनाच तयारीचा एवढा सोस असतो. ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी जोशी हाही कारकूनच. त्याचा पोशाख बदलतो, घर बदलते, गिरगावचे जुने जग बदलते, आणि प्रत्येक बदलाचा भार त्याच्या खिशाला जाणवत राहतो. लंडनचा कारकून आणि गिरगावचा कारकून यांच्यात शतकाहून अधिक अंतर असले तरी दोघांचे दुखणे एक आहे : मिळकत ठरलेली, हौस मात्र ठरावीक नाही. मात्र ‘पुलं’च्या अनुकरणातही एक धोका आहे. हशा वसूल करण्याच्या नादात विवंचना विनोदात विरघळून जाते. ‘बटाट्याची चाळ’च्या शेवटी ‘चिंतन’ येते आणि हसणाऱ्याला थांबवते, हे अनुकरण करणारे विसरतात.

लहानशा आश्चर्याचे उदाहरण म्हणून इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील त्याच नावाचा लेख घ्यावा. सभेत बाईंची ओळख करून दिली जाते, ती अमक्यांची कन्या, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी. ओळख संपते, तरी काहीतरी राहिल्यासारखे वाटते. पुढे रस्त्याने जाताना कोणी शाळकरी मुले त्यांना आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात, आणि वर्तुळ पुरे होते. किती छोटी गोष्ट! पण हे आश्चर्य आकाशातून पडलेले नाही. आधीच्या पानांनी त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे. उणीव दाखवल्याशिवाय भेट मोठी होत नाही, हे तंत्र नव्हे. तो अनुभवाचाच स्वभाव आहे. आपल्या लेखांत आश्चर्य एकदम येते : हरवलेले पाकीट सापडते, जुना मित्र भेटतो, बसवाहक सुटे पैसे परत करतो. पाकिटात किती होते आणि ते कशासाठी ठेवले होते, हे आधी कळले असते तर सापडण्याला अर्थ आला असता. आता आपण लेखकाचे अभिनंदन करतो आणि पान उलटतो.

आजच्या लेखकापुढे एक नवी अडचणही आहे. पैसा दिसेनासा झाला आहे. पगार खात्यात जमा होतो, घराचा हप्ता खात्यातून जातो, भाजीवालीचे पैसे मोबाइलवरून दिले जातात. नोट मोडताना हाताला होणारा लहानसा त्रास उरला नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून काढल्या गेल्या, तेव्हा कितीतरी घरांत डाळी-तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून बायकांनी अडीअडचणीसाठी जपलेल्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. कोठे कौतुक झाले, कोठे संशय आला, कोठे वर्षानुवर्षांचे गुपित एका दिवसात उघडे पडले. पैशाची विवंचना आणि आश्चर्य यांची इतकी घट्ट गाठ क्वचितच पडते. अशा प्रसंगावर भाष्ये पुष्कळ झाली. पण डबा उघडला गेला त्या क्षणी नवरा-बायको एकमेकांकडे कसे पाहत होती, हे घरगुती लेखकानेच सांगावयाचे होते. ते काम अजून उरले आहे.

हे सर्व एवढ्या आग्रहाने मांडण्याचे कारण केवळ साहित्यिक नाही. आपल्या कुटुंबांत कर्ज ही लपवण्याची गोष्ट आहे. लग्नासाठी, घराच्या दुरुस्तीसाठी, आखातात जाणाऱ्या मुलाच्या खर्चासाठी पैसे काढले जातात आणि शेजाऱ्याला त्याचा सुगावा लागू नये याची काळजी कर्जापेक्षाही अधिक घेतली जाते. प्रत्येक घराला वाटते की ओढाताण आपल्याकडेच आहे. जो लेख आपला आकडा शांतपणे, रडगाणे न गाता सांगतो, तो दुसऱ्या घरातील माणसाचा एकटेपणा थोडा कमी करतो. कादंबरीलाही हे साधते. पण तिच्यातील दुःख ‘गोष्टीतले’ म्हणून बाजूला ठेवता येते. ओळखीच्या गावच्या, ओळखीच्या आडनावाच्या माणसाने लिहिलेला दोन पानांचा लेख तसा बाजूला ठेवता येत नाही. या प्रकाराचे सामर्थ्य तेथे आहे, आणि त्याची जबाबदारीही तेथेच.

तेव्हा असा लेख हाती आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. त्यातील सहलीला भाडे पडले आहे का? त्यातील आनंदामागे एखादी उणीव दिसते का? आणि लेखकाच्या विरुद्ध बाजूने बोलणारे घरातले दुसरे माणूस त्यात आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर भाषेतील चारदोन दोष आम्ही आनंदाने पत्करू. उत्तरे नकारार्थी असतील तर सुंदर वाक्यांनी ती भरून निघत नाहीत.

जुन्या घरांतून दुकानाच्या उधारीची वही असे. तिच्या मागच्या पानांवर मुलांच्या उंचीच्या नोंदी, कोणाच्या बारशाला काय दिले, कोणत्या तारखेला कोण गावाला गेले, असेही काही लिहिलेले सापडते. ज्यांच्याकडे अशी वही अजून असेल, त्यांना विषय शोधत दूर जावयास नको. पुढचे पान त्यांनीच लिहावे, आणि लिहिताना समासातील आकडे गाळू नयेत.